माझगाव तरली, मिऱ्या का अडली?

आमच्या देवनारहून गोवंडीला येऊन हार्बरची गाडी धरली की वाटेत डॉकयार्ड रोड लागते. जवळच माझगाव गोदी. सरकारने ती १९६० साली ताब्यात घेतली. तिथे बांधलेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात आली. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याची गोदी मात्र खासगी, भारती शिपयार्डची होती. ही कंपनी २०१९ मध्ये अवसायनात निघाली.

फरक कौशल्याचा नाही. वाडिया कारागिरांनी १८१७ मध्ये मुंबईत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. पण तिचे गिऱ्हाईकही ब्रिटिश नौदलच होते!

माझ्या मते खरी मेख पैशाच्या चक्रात आहे. जहाजाला दोन-तीन वर्षे लागतात. पोलाद, इंजिने आधी घ्यावी लागतात. मालक हप्त्याने पैसे देतो, पण ते बुडू नयेत म्हणून बँकेची हमी मागतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये सरकारची ३० टक्के अनुदानाची योजना संपली आणि २००८ च्या मंदीत जहाजांची भाडी कोसळली. अशा वेळी मालकाने पाठ फिरवली, की अर्धवट सांगाडा गोदीत उरतो आणि कर्ज गोदीच्या डोक्यावर. भाडी पडली म्हणून नौदल युद्धनौका नाकारत नाही. सरकारी गोदीला उशीर झाला तरी ती तगते.

चीन, दक्षिण कोरिया आणि जपान मिळून जगातली नव्वद टक्क्यांहून अधिक जहाजे बांधतात. आपला वाटा एक टक्काही नाही. तिथे गोदीमागे सरकार आणि बँका उभ्या राहिल्या. स्वस्त, दीर्घ मुदतीचे कर्ज आणि खात्रीचे गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय कोकणातल्या खासगी गोद्या तरणार नाहीत.