हुंडणावळीचा दर, मंदी आणि सावकारी दप्तरें

जुन्या दप्तरांचा शोध घेतांना पेशवाईनंतरचे कागद 'अलीकडचे' म्हणून बाजूस सारण्याची संवय आम्हां संग्राहकांच्या अंगवळणी पडलेली आहे. आमच्याच हातून हा प्रमाद घडला, तो प्रथम कबूल करणें प्राप्त आहे. एका सावकारी घराण्याच्या माळ्यावरील रुमालांतून आम्हीं दोनतीन जुन्या सनदा तेवढ्या उचलल्या आणि १९२७ ते १९३५ सालांच्या रोजकीर्दी व खतावण्या तशाच राहूं दिल्या. पुढील खेपेस गेलों, तों त्या रद्दींत गेल्या होत्या. त्या वह्यांचें मोल काय होतें हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

१९२९ सालच्या मंदीचें मूळ अमेरिकेंत, असें सामान्यतः म्हणतात व तें खोटें नाहीं. जगभर शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हां ते येथेंही उतरणारच होते. परंतु ही आपत्ति येथील कुणब्याच्या घरांत किती खोल शिरावी, हें पुष्कळ अंशीं सरकारच्या चलननीतीनें ठरविलें, असें आमचें मत आहे. तिचा आरंभ मंदीच्या दोन वर्षें आधीं, हुंडणावळीच्या दरांत सांपडतो.

पहिल्या महायुद्धापूर्वीं रुपया सोळा पेन्सांचा होता. १९२० सालीं तो दोन शिलिंगांचा ठरविण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. पुढें हिल्टन यंग आयोगानें १९२६ सालीं अठरा पेन्सांची शिफारस केली व १९२७ च्या कायद्यानें तोच दर कायम झाला. आयोगांतील सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला. अर्थसचिव सर बॅसिल ब्लॅकेट यांचें म्हणणें असें कीं, देशांतील भाव अठरा पेन्सांशीं आधींच जुळले आहेत.

दोन पेन्सांनीं असें काय होतें, असें वाचक विचारतील. विलायतेस सोळा पेन्सांस विकला जाणारा माल घ्या. जुन्या दरानें येथें त्याचा एक रुपया येई. नव्या दरानें चौदा आणे पावणेतीन पैहून किंचित् कमीच. कर्जाचा रोखा आणि सरकारी सारा मात्र रुपयांत लिहिलेला. त्यांतील पै कमी होत नाहीं. उलट विलायतेस पाठवावयाच्या 'होम चार्जेस'च्या रकमेस सरकारला रुपये थोडे लागत. हा दर राखण्यासाठीं सरकारनें चलन आंखडून घेतलें, आणि तेंही भाव पडत असतां. १९३० च्या जानेवारींत गांधीजींनीं मांडलेल्या अकरा मागण्यांत सोळा पेन्सांचा दर व निम्मा सारा या दोन्ही होत्या, त्या उगाच नव्हेत.

कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ = १००) १९२९ सालीं १४१ होता, तो १९३३ सालीं ८७ वर आला. म्हणजे १९२९ मध्यें शंभर रुपयांचें कर्ज ज्यानें काढलें, त्यास तें मुद्दल फेडण्यास सरासरीनें पूर्वी १६२ रुपयांस विकला असता इतका माल विकावा लागला, व्याज निराळेंच. स्मृतिकारांनीं दामदुपटीचा नियम घालून व्याजाला मर्यादा घातली, आणि मुंबई इलाख्यांत न्यायालयेंही तो हिंदु ऋणकोंस लावीत. परंतु मुद्दलाचा रुपयाच जड होऊं लागला तर काय करावें, याचा विचार मनु-नारदांस करण्याचें कारण पडलें नव्हतें.

१९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें. रुपयास त्याच्या वाटेनें जाऊं देण्याची ही संधि होती. हिंदुस्थान सरकारचाही कल तिकडे होता. परंतु लंडनहून निर्णय आला, आणि रुपया अठरा पेन्सांवरच स्टर्लिंगशीं जखडला गेला. १९३५ सालीं रिझर्व्ह बँक सुरू झाली तरी दर तोच. तो १९६६ पर्यंत टिकला.

स्टर्लिंग उतरतांच सोनें चढलें. कायद्याचा तोळ्याचा भाव २१ रुपये ३ आणे १० पै होता, तो १९३४-३५ पर्यंत ३५ रुपयांच्या आसपास गेला. खेड्यापाड्यांतून सोनें मुंबईच्या सराफ्यांत व तेथून बोटीनें लंडनला जाऊं लागलें. निर्यातबंदीची मागणी झाली, ती सरकारनें मानली नाहीं; कारण या सोन्यानेंच हुंडणावळ तोलून धरली जात होती. १९३७ पर्यंत सुमारें ३०० कोटी रुपयांचें सोनें गेलें. व्हेनिसच्या डुकॅट नाण्यास आपल्याकडे पुतळी म्हणत व त्यांचीच माळ बायका गळ्यांत घालीत, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस सांगणें नको. मोडीस घातलेल्या डागावरील अक्षरें सराफ वाचीत नाहीं; तो वजन पाहतो.

आतां वाद राहतो तो असा. सरकारपक्ष म्हणे, लोक चढ्या भावाचा नफा घेत आहेत. विरोधक म्हणत, ही आपद्विक्री आहे. निर्यातीच्या एकंदर आंकड्यांवरून याचा निर्णय लागत नाहीं. तो रोजकीर्दींतून लागेल. सोनें विकल्याची रक्कम ज्या तिथीस जमा, त्याच आठवड्यांत ती साऱ्याच्या हप्त्यास किंवा व्याजास खर्ची पडली असेल तर अर्थ एक. ती घरांतच राहिली किंवा तिनें शेत घेतलें, तर अर्थ दुसरा. विकणारा कोण, ऋणको कीं स्वतः सावकार, हेंही त्यांतूनच कळेल. आमचा कल आपद्विक्रीकडे आहे. पण सावकारांनीं गहाण पडलेलें सोनें विकून नफा केला असल्यास दोन्ही पक्ष थोडथोडे खरे ठरतील.

१९३९ सालीं मुंबईस शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्यापूर्वींचीं खतें व गहाणखतें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं या दृष्टीनें चाळावीं. उपर्युक्त घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे १९३२ सालची एक रोजकीर्द अद्याप आहे, असें ऐकतों. ती पाहावयास मिळाल्यास तींतील सोन्याच्या रकमा तिथीवार उतरून पुढील अंकीं देऊं.