बेगमी

१९ एप्रिल २०२१ रोजी देशातली पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’ कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. सपाट वाघिणींवर सात रिकामे टँकर चढवलेले. घाटातून जावे, तर लादलेल्या टँकरची उंची आड येणार. म्हणून गाडी वसई, सुरत, जळगाव, भुसावळ, नागपूर असा वळसा घेऊन गेली. साडेअठराशे किलोमीटरांना पन्नासहून अधिक तास लागले. सुरत-जळगाव लोहमार्ग ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या लक्षात येईल की ही वाट नंदुरबारवरून जाते. योगायोग असा, की महाराष्ट्र या टँकरांची वाट पाहत असताना नंदुरबार जिल्हा आपला बराचसा प्राणवायू स्वतःच तयार करत होता.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. सुमारे साडेसोळा लाख वस्ती, त्यातले दोन तृतीयांशाहून अधिक आदिवासी. कारखानदारी बेताची, मोठी रुग्णालये दूर. पुरवठ्याच्या साखळीतली ही अगदी शेवटची कडी. आणि साखळी तुटते तेव्हा पहिली उपासमार शेवटच्या कडीची होते.

सप्टेंबर २०२० मध्ये करोनाची पहिली लाट ओसरू लागली होती. त्याच सुमारास तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी मिनिटाला ६०० लिटर प्राणवायू देणारा पहिला प्रकल्प उभा केला. पुढे आणखी प्रकल्प झाले आणि एप्रिल २०२१ पर्यंत जिल्ह्याची क्षमता मिनिटाला २४०० लिटरवर गेली. एका प्रकल्पाचा खर्च साधारण ८५ लाख रुपये. जिल्हा नियोजन, आपत्ती निवारण आणि कंपन्यांचा सामाजिक निधी अशी मोट बांधून पैसा उभा केला. भारूड स्वतः वैद्यकीय पदवीधर. लाट परत येऊ शकते, हे त्यांनी गृहीत धरले होते.

यंत्राची रीत सोपी आहे. हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. ती हवा दाबाखाली झिओलाइट नावाच्या खड्यांतून सोडली की नायट्रोजन अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध प्राणवायू हाती येतो. मिनिटाला ६०० लिटर म्हणजे दिवसाला जवळजवळ सव्वाशे मोठी सिलिंडरे! उणे १८३ अंशांवरचा द्रवरूप प्राणवायू, त्याचे खास टँकर, चालक, नाकाबंदी यांतले काहीच लागत नाही. लागते ती वीज. म्हणजे साखळी नाहीशी होत नाही, आखूड होते. पण आखूड साखळीवर नजर ठेवता येते.

त्याच वर्षी २३ मार्चला ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्र जहाज सुएझ कालव्यात आडवे झाले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. ‘साठा म्हणजे अडकलेला पैसा, लागेल तेव्हाच माल मागवा,’ हे तत्त्व साऱ्या जगाला शिकवले टोयोटाने. पण २०११ च्या भूकंपाने हात पोळल्यावर त्याच टोयोटाने इलेक्ट्रॉनिक चिपांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला. २०२१ च्या सुरुवातीला चिपांअभावी इतर मोटार कंपन्यांना उत्पादन आवरावे लागले, तेव्हा टोयोटा बऱ्यापैकी तग धरून राहिली.

मालवाहतूक कंपन्या आज लाखो रुपये मोजून हेच शिकतात: दोन वाटा ठेवा, दोन पुरवठादार ठेवा, निकडीच्या वस्तूचा साठा जवळ ठेवा. आपल्या आजीला हे फुकट ठाऊक होते. तिचा शब्द होता ‘बेगमी’. आणि सातपुड्याला तर तो चांगलाच ठाऊक आहे. पावसाळ्यात अक्राणी-अक्कलकुव्याचे रस्ते तुटतात, म्हणून दुर्गम पाड्यांवर रेशनचे धान्य पावसाआधीच पोहोचवण्याची पद्धत आहे. धान्याबाबत सरकार जे करत आले, तेच नंदुरबारने श्वासाबाबत केले.

तरीही बेगमी करणाऱ्याचे कौतुक सहसा होत नाही. माझी सारी नोकरी बँकेत गेली. शाखेत मर्यादेपेक्षा जास्त रोकड दिसली की तपासनीस लाल शाईने शेरा मारतो: ‘रक्कम विनावापर.’ त्याचेही चुकत नाही. पण खिडकीपाशी रांग लागते त्या दिवशी तीच रक्कम शाखेची अब्रू राखते. सप्टेंबर २०२० मध्ये कुणी विचारले असते, ‘रुग्ण कमी होताहेत, मग हा खर्च कशाला?’ तर ताळेबंदाच्या भाषेत उत्तर देणे अवघडच होते.

नंदुरबारमध्ये माणसे दगावली नाहीत, असे मुळीच नाही. प्राणवायू हा उपचाराचा एक भाग, सारा उपचार नव्हे. पण दारात आलेल्या रुग्णाला सिलिंडर कुठून आणायचे, या एका घोरातून जिल्हा बराचसा सुटला. त्या दिवसांत ज्या घरांनी सिलिंडरासाठी रात्ररात्र फोन फिरवले, त्यांना याचे मोल सांगायला नको.

खरी कसोटी पुढेच आहे. लाट गेली की यंत्र धूळ खाते. झिओलाइटला दमटपणा सोसत नाही. यंत्र अधूनमधून चालवावे लागते, तंत्रज्ञ लागतो, जनित्रात डिझेल लागते. उद्घाटनाची फीत सगळे कापतात. देखभालीच्या बिलावर सही करायला मात्र हात जड होतो.

जे संकट आलेच नाही, त्याच्यासाठी जमाखर्चात रकाना नसतो. तो आपण आपल्या मनात आखून ठेवायला हवा, घरात आणि जिल्ह्यातही.