हाडांची घनता आणि हार्मोन

हाड आयुष्यभर मोडले जाते आणि पुन्हा बांधले जाते. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटले की झीज भरपाईच्या पुढे जाते आणि पहिल्या ५ ते ७ वर्षांत घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. मनगट आणि मणके आधी मोडतात, खुबा उतारवयात.

इस्ट्रोजेन फक्त बायकांचे, हा समज मात्र खोटा. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. जनुकीय दोषामुळे त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही हाडे विरळ, आणि वाढ न थांबल्याने उंची २०४ सेंटिमीटर!

पॅराथायरॉइड हार्मोनची तऱ्हा निराळी. ते रक्तात सतत वाढलेले राहिले तर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. रोज एकदा थोडेसे टोचले तर उलट हाड घडवते. या हार्मोनचाच एक तुकडा असलेले टेरिपॅराटाइड हे औषध त्यावरच आधारलेले आहे. थायरॉइडचा अतिरेक हाडे पोखरतो, तसेच दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही; कारण त्या हाड बांधणाऱ्या पेशींनाच दुबळे करतात.