निसर्ग व प्रवास छायाचित्रण, नाशिक परिसरातील

निसर्ग व प्रवास छायाचित्रण, नाशिक परिसरातील : पशुपक्षी, वनस्पती व भूरूपे यांची त्यांच्या स्वाभाविक परिस्थितीत, तसेच वाटेवरील लोकजीवन व वाहने यांची छायाचित्रे घेण्याची कला व तंत्र. या शाखेत भिंगाइतकेच महत्त्व छायाचित्रकार विषयापर्यंत कोणत्या मार्गाने व किती शांतपणे पोहोचतो याला असते. सह्याद्रीचा घाटमाथा, गोदावरीचे उगमक्षेत्र, यात्रास्थाने व पाणपक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान ही सर्व एका दिवसाच्या प्रवासात येत असल्यामुळे नाशिक जिल्हा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित असलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा लेप देऊन ती ओली असतानाच प्रकाशित व विकसित करावी लागे. त्यामुळे बाहेरगावी जाताना काचा, रसायने व अंधारा तंबू एवढे सामान बरोबर वाहून न्यावे लागे. प्रकाशनास कित्येक सेकंद लागत. परिणामी वास्तू व डोंगर स्पष्ट उमटत, परंतु हलणारी माणसे व गाड्या चित्रातून पुसल्या जात. त्या काळच्या छायाचित्रांतील रस्ते निर्मनुष्य दिसतात ते याच कारणाने. आर. एल. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांचा प्रसार १८८० नंतर झाला आणि गतिमान वस्तू टिपणे शक्य झाले.

नाशिकची घोड्यांची ट्राम याच सुमारास अवतरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही अरुंदमापी ट्राम नाशिक रोड स्थानकापासून शहरातील मेन रोडपर्यंतचे आठ-नऊ किमी. अंतर कापी व यात्रेकरूंची ने-आण करी. १९३० नंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. कसारा व इगतपुरी यांमधील थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला होता. १९३० च्या सुमारास तेथे विजेची एंजिने धावू लागली. वाफेच्या एंजिनाचा धुराचा लोट हा घाटाच्या छायाचित्राचा जणू अविभाज्य भाग असे. तो गेल्यावर चित्राची शोभा कमी झाली असे एखाद्यास वाटेल; डोंगर मात्र अधिक स्वच्छ दिसू लागले. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून दोराने ओढली जाणारी उतारावरची लोहमार्गी गाडी (फ्युनिक्युलर) चालते. सायकलीसारखे चालते वाहन टिपताना सु. १/३० सेकंद प्रकाशन ठेवून कॅमेरा वाहनाबरोबर फिरवितात. त्यामुळे वाहन स्पष्ट व पार्श्वभूमी पुसट येऊन गतीचा भास होतो.

निसर्गचित्रणातील एक मूलभूत प्रयोग नाशिक जिल्ह्याच्या सुपुत्राने केला. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी व्यवसायाने छायाचित्रकार होते. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून समोर कॅमेरा स्थिर ठेवला व रोज थोडेथोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखविली. हाच *अंकुराची वाढ* हा लघुपट. तो पाहून त्यांना चित्रपटासाठी भांडवल मिळणे सुकर झाले. १९१३ मध्ये *राजा हरिश्चंद्र* प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रनिर्मिती नाशिकला हलविली. डोळ्यांस न जाणवणारी मंद गती कॅमेऱ्याने दृश्य करता येते, ही गोष्ट या प्रयोगातून भारतीय प्रेक्षकांसमोर आली.

वन्य प्राण्यांच्या छायाचित्रणात छायाचित्रकाराचे अस्तित्व लपविणे हा मुख्य प्रश्न असतो. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाच्या कातड्याची पोकळ प्रतिकृती वापरली होती. भारतात एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२० नंतरच्या दशकात वाघाच्या वाटेवर तार लावून, तिच्यावर पाय पडताच आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने रात्रीची चित्रे घेतली. बंदुकीच्या शिकारीला पर्याय म्हणून कॅमेऱ्याचा पुरस्कार त्यांनी केला.

नाशिक परिसरात या प्रश्नाचा प्रत्यय निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे येतो. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बंधारा घालण्यात आला. त्यामागे गाळ साचून उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांचे दलदली क्षेत्र तयार झाले. मानवनिर्मित जलाशयाचे असे समृद्ध पाणथळीत रूपांतर व्हावे, हे गाळाचेच फळ होय. १९८६ मध्ये त्यास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, तर २०१९ मध्ये त्याची रामसर स्थळांत नोंद झाली. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब, कांड्या करकोचा इ. स्थलांतरित पक्षी येतात. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी व शराटी यांचाही येथे वावर असतो. रोहित पक्ष्यांचे थवेही उतरतात.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास छायाचित्रणास उत्तम. उन्हे चढल्यावर पाण्यावरील तापलेल्या हवेमुळे दूरची प्रतिमा थरथरते आणि मग सर्वांत महाग दूरदर्शी भिंगही निरुपयोगी ठरते. बसलेल्या पक्ष्यांसाठी ४०० ते ६०० मिमी. केंद्रांतराचे भिंग व भक्कम तिपाई वापरतात. उडत्या पक्ष्यांसाठी प्रकाशन १/१,००० सेकंदांहून कमी ठेवतात. मोटारीतून चित्र घेताना एंजिन बंद करणे आवश्यक असते, कारण त्याच्या कंपनाने प्रतिमा पुसट होते. सायकलीने वा पायी जाणाऱ्यास ही अडचण नसते. मात्र वाहन नि:शब्द असले म्हणजे पक्षी निर्धास्त राहतात असे नव्हे. मोकळ्या बांधावरील उभ्या माणसाच्या आकृतीने थवा बिथरतो, तर स्थिर वाहन किंवा लपण तो पुष्कळदा सहन करतो. म्हणून निरीक्षण मनोऱ्यातून किंवा लपणातून काम करणे श्रेयस्कर.

थवा उडविल्याने चित्र नाट्यमय होते. पण हजारो किमी. प्रवास करून आलेल्या पक्ष्याची चरण्याची वेळ व साठविलेली ऊर्जा त्यात खर्ची पडते, आणि परतीच्या प्रवासासाठी तीच ऊर्जा हवी असते. घरट्याभोवतीच्या फांद्या छाटून चित्र घेण्याची पद्धत याहून घातक आहे. तिने पिले उन्हात व कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याने मिळतो, तसेच पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते.

वनस्पतींच्या बाबतीत धोका पायाखाली असतो. अंजनेरी गडाचे नाव धारण करणारी *सेरोपेजिया अंजनेरिका* ही दुर्मिळ वनस्पती पावसाळ्यात गवतात उगवते व एका फुलाचे निकटचित्र घेताना शेजारची रोपे सहज तुडविली जातात.

नांदूर मध्यमेश्वर येथील पाण्याची पातळी वरच्या धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून असते. ती वाढली की चिखलात चरणारे पक्षी हलतात; गाळ व पाणवनस्पती वाढल्या की मोकळे पाणी आक्रसते. एकाच ठिकाणाहून, दरवर्षी त्याच महिन्यात व त्याच केंद्रांतराच्या भिंगाने घेतलेल्या छायाचित्रांवरून हे बदल मोजता येतात. अशा मालिकेतील प्रत्येक चित्रावर दिनांक, वेळ व पाण्याची पातळी यांची नोंद असावी लागते.