गाठीच्या रिपोर्टातली ‘ईआर’ची ओळ



सातबाऱ्याचं मूळ दप्तर पूर्वी तलाठ्याकडेच राहायचं. अर्ज केला की आपल्याला नक्कल मिळायची. आपल्या शरीरातल्या पेशींतही असंच दप्तर असतं. त्यातल्या एकेका नोंदीला जनुक म्हणतात. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तातून पेशीत पोचतं, ते अर्जासारखं. तो अर्ज घेणारा कारकून म्हणजे ‘ग्राही’. अर्ज मिळाला की ग्राही ठरावीक जनुकांपाशी जाऊन बसतो, त्यांची नक्कल निघते आणि तिच्यावरून पेशी प्रथिनं बनवते. वयात येताना मुलींची छाती भरते ती यातूनच.

स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठींतही हे ग्राही असतात. मग इस्ट्रोजेन गाठीलाच वाढवतं. म्हणून गाठीच्या तुकड्याची ‘ईआर’ तपासणी करतात. ती पॉझिटिव्ह आली तर बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेनची गोळी देतात. ही गोळी ग्राहीत अर्जाची जागा अडवून बसते. गाठ वाढवणारी नक्कल निघत नाही.

ऑपरेशन झालं, बरं वाटलं, तरी शरीरात इस्ट्रोजेन असतंच. म्हणून गोळी रोज, साधारण ५ वर्षं तरी घ्यायची. आपल्या मनानं सोडायची नाही. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं किंवा एक पाय सुजून दुखला, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

रिपोर्ट रेशन कार्डासारखा जपू या. गटातल्या कुणाला गाठ निघाली, तर ‘ईआर तपासलं का?’ हे विचारायला आपण तिच्यासोबत जाऊ.