मधल्याच चार पिना कशा मेल्या?

"भाऊ, चिप डुप्लिकेट आली." हे वाक्य ऐकून कान किटले. रिठद गावातलं एखादं पोट्टं विहिरीवरच्या मोटारीसाठी पाण्याच्या पातळीचं सर्किट करायला घेतं. ॲटमेगा ३२ च्या पोर्ट सीवर आठ एलईडी लावतं. कडेचे चार लागतात, मधले चार नाही. लगेच निकाल: दुकानदारानं फसवलं.

अरे बावा, जळालेली चिप दर वेळी बरोबर सी२ ते सी५ याच पिना निवडून जळते का?

या चार पिना जेटॅगच्या, म्हणजे चिपच्या आत डोकावून प्रोग्रॅम तपासायच्या. जेटॅगचा फ्यूज (चिपमधलं सेटिंगचं बिट) कारखान्यातूनच चालू येतो आणि तो चालू आहे तोवर या पिना तुमच्या प्रोग्रॅमला जुमानत नाहीत. सी२, सी३, सी५ यांना आतून पुल-अप, म्हणजे पिन वर ओढणारा रेझिस्टर, लागलेला असतो, अगदी रीसेटमध्येही. खोटं वाटत असेल तर डेटाशीटमधलं पोर्ट सीचं वर्णन वाचा. एलईडी काढून मोजलं की मीटर तिथे जवळपास ५ व्होल्ट दाखवतो, आणि 'पिन अडकली' अशी बोंब उठते. (अंधारात पाहा, ते तीन एलईडी किंचित मिणमिणतातही, २० ते ५० किलोओहममधून करंट येऊन येऊन येणार किती?) सी४ माहिती बाहेर सोडणारी, काम नसलं की ती अधांतरी.

उपाय फुकट आहे. जेटॅगचा फ्यूज १ करा. फ्यूजमध्ये १ म्हणजे बंद, इथेही अर्धे जण फसतात. नाहीतर प्रोग्रॅममध्येच जेटीडी बिट चार क्लॉक सायकलच्या आत दोनदा १ लिहा. दोनदा! 'जेटॅग बंद केलं की चिप पुन्हा प्रोग्रॅम होत नाही' ही भीतीही पोकळ. प्रोग्रॅम भरायचं आयएसपी पोर्ट बीवरून चालतं.

मोकळी पिन म्हणजे शून्य? नाही, नुसता हात जवळ नेला तरी तिचं रीडिंग बदलतं. तिला पुल-अप द्या. आतला पुल-अप बोर्डावरच्या बटणाला पुरतो. मोटारीच्या केबलशेजारून विहिरीपर्यंत गेलेल्या वायरीला बाहेरून ४.७ किलोओहम लावा. पण म्हणून थेट १०० ओहम लावू नका, बटण दाबताच ५० मिलिअँपिअर वाया.

आणि प्रोग्रॅम तपासायच्या, म्हणजे डीबग पिनेला पुल-अपच असतो, असंही नाही. एसटीएम३२एफ१०३ या दुसऱ्या चिपमध्ये डीबगच्या पीए१३ ला पुल-अप, पीए१४ ला पुल-डाउन. प्रोग्रॅमने या दोन्ही पिना दुसऱ्या कामाला जुंपल्या की प्रोग्रॅमर चिपला ओळखत नाही. तेव्हा बूट० पिन वर करून रीसेट द्या, ओळखेल.