हरायलाही हंगाम लागतो

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वड्याच्या पाटीकडे धावतात आणि गाडीच्या शेपटाला, फारसं कुणाचं लक्ष नसताना, मागून इंजिनं येऊन चिकटतात. बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. पुढच्या एकट्या इंजिनाच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. मागून रेटणाऱ्या या इंजिनांना इकडे सगळे ‘बँकर’ म्हणतात. लोणावळा आलं की ती सुटतात. वेळापत्रकात त्यांचं नाव नसतं.

मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये, या घाटाच्या पायथ्याशी राहत असल्यामुळे मला दोन्हीकडचे सामने सारखेच जवळचे आणि सारखेच लांबचे. म्हणूनच मुंबई सिटी एफसीचा 2022-23चा हंगाम मला आपल्या दारावरून गेल्यासारखा वाटतो. त्याची सुरुवात घाटाच्या वर, पुण्याच्या बालेवाडीत झाली. 9 ऑक्टोबर 2022, रविवार. हैदराबाद एफसीने आपला पहिला घरचा सामना तिथे घेतला होता आणि हैदराबाद तेव्हाचा गतविजेता. सामना 3-3 असा सुटला. त्या दिवसापासून पुढचे चार महिने इंडियन सुपर लीगमध्ये मुंबईला कुणी हरवू शकलं नाही.

अपराजित विजेता या शब्दांचं आपल्याला फार कौतुक. पण कर्जत-खालापूरच्या गावांतून खेळ पाहत मोठा झालेला माणूस या शब्दांपाशी थोडा अडखळतो. आमच्याकडे प्रकाशझोतातले कबड्डीचे सामने होतात, ओव्हरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा होतात, आणि त्या जवळपास सगळ्या बाद पद्धतीच्या. हरला तो बाहेर. मग पहाटे तीन वाजता चषक उचलणारा संघ अपराजित असणारच, त्याला दुसरा इलाजच नाही. कॉलेजांच्या फुटबॉलचंही बहुतेक असंच. महिनाभर सराव करायचा, एक दिवस ट्रेनने लांबच्या मैदानावर जायचं, आणि पहिल्याच सामन्यात हरलं की वर्ष संपलं. अपराजित राहण्याला मोल येतं ते साखळीत, जिथे हरूनही पुढच्या आठवड्यात खेळायला मिळतं. तिथे हरण्याची मुभा असते आणि तरी संघ हरत नाही. त्यासाठी आधी हंगाम लागतो.

मुंबई सिटीला तो मिळाला होता. अकरा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे वीस सामने. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे. पुढे अर्जेंटिनाचा होर्हे पेरेरा दियास आणि स्कॉटलंडचा ग्रेग स्ट्युअर्ट, डाव्या-उजव्या बाजूंना मणिपूरचा बिपिन सिंग आणि मिझोरमचा लालियानझुआला छांगते, मधल्या फळीत मोरोक्कोचा अहमद जाहू आणि मिझोरमचाच आपुइया. गोलात फुर्बा लाचेन्पा. बचावात सेनेगलचा मुर्तादा फाल, मेहताब सिंग आणि आपल्या मुंबईचा राहुल भेके.

भेकेबद्दल थोडं थांबून सांगितलंच पाहिजे. 2019च्या मार्चमध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो बंगळुरूकडून खेळत होता. सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, समोर एफसी गोवा. जादा वेळ संपत आली असताना कॉर्नरवरून त्याने हेडरने गोल केला आणि चषक बंगळुरूला नेला. पुढे तो मुंबई सिटीत आला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध 2-1 असा विजय मिळवून देणारा गोल त्याचाच, तोही हेडरच. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या बचावपटूच्या डोक्यातून तो गोल झाला, ही गोष्ट आपल्या शाळांमधून सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या अठरा सामन्यांपैकी मुंबईने चौदा जिंकले, चार बरोबरीत सुटले. मला त्या चारांचं मोल जास्त वाटतं. पहिल्या पाच सामन्यांत तीन बरोबऱ्या होत्या: बालेवाडीत हैदराबाद, मग जमशेदपूरशी 1-1, मग कोलकात्यात एटीके मोहन बागानशी 2-2. तेव्हा या संघाला कुणी अजिंक्य म्हणत नव्हतं. नंतर 12 नोव्हेंबरला चेन्नईत चेन्नईयिनने सुरुवातीलाच दोन गोल चढवले. इथे हंगाम एका बाजूला कलंडू शकत होता. मुंबईने तो सामना 6-2 असा जिंकला. दोन खाऊन सहा दिले. तिथून सलग अकरा विजयांची माळ लागली: बंगळुरू 4-0, गोवा 4-1, ईस्ट बंगाल 3-0. जानेवारीत कोलकात्यात जाऊन मोहन बागानला 1-0 हरवलं, तो एकमेव गोल छांगतेचा.

8 जानेवारी 2023चा सामना मी अंधेरीत बसून पाहिला. समोर केरळ ब्लास्टर्स, तेही आठ सामने न हरता आलेले. आमच्याकडून अंधेरी म्हणजे दिवसभराचं काम: कर्जतहून दादर, तिथून पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, मग स्टेशनापासून शहाजीराजे क्रीडा संकुल. खोपोलीकडचा माणूस असेल तर लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत आधी कर्जत गाठायचं. मैदान लहान आहे, आठ-एक हजारांचं. त्यामुळे खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येतात आणि चेंडूवर बूट लागल्याचा आवाजसुद्धा. सामना सुरू झाला. चौथ्या मिनिटाला दियास. दहाव्याला स्ट्युअर्ट. सोळाव्याला बिपिन. बाविसाव्याला पुन्हा दियास. माझ्या शेजारी पिवळा सदरा घालून एक तरुण बसला होता, केरळहून नोकरीसाठी आलेला. तिसऱ्या गोलानंतर त्याने हातातला झेंडा नीट घडी करून मांडीवर ठेवला, आणि चौथ्या गोलाला तो उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढची अडुसष्ट मिनिटं एकही गोल झाला नाही. मी मात्र त्या वेळात भेके आणि मेहताब यांनाच बघत होतो. चार गोलांनी पुढे असलेला संघ सैलावतो. हे दोघे सैलावले नाहीत. प्रत्येक चेंडूला मागे वळून जागा तपासत होते, फुर्बाला हात दाखवत होते. बँकर इंजिनासारखे मागून लागलेले. उत्तररात्री कर्जतला उतरलो तेव्हा थंडीने बोटं आखडली होती.

4 फेब्रुवारीला हैदराबादने 1-1 अशी बरोबरी साधून विजयांची माळ तोडली. 11 फेब्रुवारीला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर मुंबईने एफसी गोव्याला 5-3 असं हरवलं आणि दोन सामने बाकी असतानाच लीगची शिल्ड नक्की केली. अठरा सामने, एकही हार नाही.

बाकीचे दोन्ही सामने ते हरले. 15 फेब्रुवारीला बंगळुरूने 2-1 असं, चार दिवसांनी ईस्ट बंगालने 1-0 असं. वीस सामन्यांत 46 गुण आणि 54 गोल. शिल्ड मुंबईचीच राहिली, पण ‘अपराजित’ हा शब्द त्या आठवड्यात पुसला गेला.

जगात हा शब्द शेवटपर्यंत टिकवणारे थोडे. इंग्लंडची पहिली लीग, 1888-89, प्रेस्टन नॉर्थ एंडने 22 सामन्यांत न हरता जिंकली. तिथल्या अव्वल साखळीत पुन्हा तसं घडायला 2003-04 उजाडावं लागलं, तेव्हा आर्सेनलने 38 सामने काढले. पण त्यांतले 12 बरोबरीचे होते, हे सांगायचं राहून जातं. जर्मनीत 2023-24मध्ये बायर लेव्हरकुझेनने 34 सामन्यांत 28 जिंकले, 6 बरोबरीत सोडवले आणि मग युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अटलांटाकडून 3-0 असा मार खाल्ला.

याहून वेगळी तऱ्हा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची. तो खेळ हाताने फेकायचा आणि अंगावर धावून जायचा. आपल्या फुटबॉलशी त्याचं नावापुरतं नातं. पण कॉलेजच्या संघाला काय मान असू शकतो, हे तिथे बघावं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमवर एक लाखाहून जास्त माणसं बसतात. मुलांना ठरलेला हंगाम असतो, साधारण बारा सामन्यांचा. सामने इतके थोडे की एक हार वर्षभर बोचते, आणि अनेक दशकं तर विजेता कोण हे पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्या मतांवर ठरायचं. 2023मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून उभा होता. त्यांचा मुख्य खेळाडू जायबंदी झालेला, म्हणून निवड समितीने त्यांना शेवटच्या चार संघांत घेतलंच नाही. त्या वर्षी मिशिगन पंधराच्या पंधरा जिंकून विजेता ठरलं. पुढच्या वर्षी बाद फेरीत चाराऐवजी बारा संघ घेतले आणि ओहायो स्टेट दोनदा हरूनही विजेता झालं. फ्लोरिडा स्टेटच्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं. तरी त्यांच्याकडे तेरा सामने होते. कर्जतच्या कॉलेजातल्या मुलाकडे एक सकाळ असते.

मुंबईतही फुटबॉल जोपासणाऱ्या स्पर्धा आणि संघ होते. 1891 साली सुरू झालेला रोव्हर्स चषक शतकभर खेळला गेला, आणि या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाला. महिंद्रा युनायटेडने 2005-06ची राष्ट्रीय लीग जिंकली. तो संघ 2010मध्ये बंद झाला. मुंबई सिटीचा जन्म 2014चा. एवढ्या जुन्या फुटबॉलच्या शहरात दर पिढीला नव्याने पाया घालावा लागतो.

2023च्या फेब्रुवारीत शिल्ड जिंकूनही मुंबई सिटीचा तो हंगाम संपला नव्हता. चषकासाठी बाद फेरी उरली होती, आणि उपांत्य फेरीत समोर पुन्हा बंगळुरू. मुंबईतल्या पहिल्या सामन्यात सुनील छेत्रीने बदली खेळाडू म्हणून येऊन एकमेव गोल केला. 12 मार्चला बंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर मुंबईने 2-1 असा विजय मिळवला, दोन सामन्यांचे मिळून 2-2 झाले. त्या सामन्यातला मुंबईचा दुसरा गोल मेहताबचा. जादा वेळेतही निकाल नाही, म्हणून पेनल्ट्या. दोन्ही संघांनी आठच्या आठ मारल्या. नववीला मेहताब आला. गुरप्रीतसिंग संधूने ती अडवली. मग संदेश झिंगनने चेंडू जाळ्यात घातला आणि 9-8.

अठरा सामने ज्या बचावाने सांभाळले, त्यातल्याच एका मुलाच्या पायापाशी हंगाम थांबला. मला त्यात त्याचा दोष दिसत नाही. नववी पेनल्टी मारायला बचावपटूला जावं लागतं, आणि तो गेला.

शिल्डच्या जोरावर, आणि जमशेदपूरला 3-1 असं हरवून, मुंबई पुन्हा एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. 18 सप्टेंबर 2023 रोजी इराणचा नस्साजी माझंदारान संघ आला तो बालेवाडीतच. जिथे पहिली बरोबरी झाली होती त्याच मैदानावर मुंबई 2-0 अशी हरली. नोव्हेंबरमध्ये नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीचा अल हिलाल आला, तिथेही 2-0. गटातले सहाच्या सहा सामने मुंबई हरली. काहींनी हेटाळणी केली. मला वाटतं, आशियातल्या बलाढ्य संघांशी सहा वेळा हरायची संधी या शहराच्या संघाने मैदानावर कमावली होती. मे 2024मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असं हरवून त्याच क्लबने चषकही आणला. भेके तेव्हा कर्णधार होता.

भातकापणी झाली की आमच्याकडे शेतं मोकळी होतात. खालापूरकडच्या एका गावात गेल्या डिसेंबरात रस्त्यालगतच्या शेतात मुलं फुटबॉल खेळताना दिसली. धसकटं फावड्याने तासून काढलेली, दोन बाजूंना बांबूचे खांब, मधला बांध तसाच, चेंडू त्यावर आपटला की दिशा बदलायचा. बांधावर एक मुलगी वही घेऊन बसली होती. आसपासच्या पाड्यांचे पाच संघ, प्रत्येकाशी दोनदा, दर रविवारी, शेत पुन्हा नांगरेपर्यंत. पानावर तिने पट्टीने रकाने आखले होते: खेळले, जिंकले, बरोबरी, हरले, गुण. शेवटच्या ओळीतल्या संघाचे चार सामने झाले होते आणि चारही हरलेले. तो संघ समोर पाचवा खेळत होता, एका गोलाने पुढे होता, आणि मागच्या दोन पोरी बांधाला पाठ लावून एकमेकींना ओरडून जागा सांगत होत्या.